कृष्णाकाठी सामूहिक पक्षिनिरीक्षण : जागा कोणती निवडावी आणि गट केवढा असावा?

विश्रामबागकर : आमच्या वसाहतीतील पंचवीसेक जणांनी, त्यांत शाळकरी मुले आणि साठी ओलांडलेली मंडळीही आहेत, जानेवारीतल्या एका रविवारी पक्षिनिरीक्षणाला जाण्याचे ठरवले आहे. सांगलीजवळच्या हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम जवळ पडतो. काहींचा आग्रह मात्र औदुंबर-भिलवडीसाठी आहे. नदीत मगरी असल्यामुळे पालक कचरत आहेत, आणि एवढ्या माणसांसमोर पक्षी थांबतील का, अशीही शंका वाटते. जाणकारांनी सविस्तर सांगावे.

नदीकाठ : गावाच्या नावावरून जागा ठरवू नका, पाणी पाहून ठरवा. पावसाळा सरल्यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे (पाणी अडवणाऱ्या काढता-घालता येणाऱ्या फळ्या) घातले जातात आणि वरच्या अंगाला पाणी तुंबते. तेथे पाणकावळे आणि टिबुकल्या (बुड्या मारणारे छोटे पाणपक्षी) मिळतील. पण तुतवार, शेकाट्या, धोबी यांसारख्या, उथळ पाण्यात आणि चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना पाय टेकायलाही जागा उरत नाही. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला खडक आणि गाळाचे पट्टे उघडे पडलेले असतात, खरी वर्दळ तिथेच असते. पाणी सोडले की हे पट्टे पुन्हा बुडतात, त्यामुळे कोणीतरी आदल्या दिवशी जाऊन पाहून येणे आवश्यक आहे.

हरिपूरच्या बाजूने आणखी एक गोष्ट बोलते. ते कृष्णेच्या पूर्व काठावर असल्यामुळे सकाळचे ऊन पाठीवर येते आणि पक्ष्यांचे रंग स्वच्छ दिसतात. पैलतीरावरून त्याच वेळी पाहिले, तर डोळे दिपतात आणि हाती नुसत्या आकृत्या लागतात. फार पहाटे जाऊ नये. धुके विरेपर्यंत पलीकडचा काठही दिसत नाही.

मिरजकर : पालकांची काळजी रास्त आहे. मगर थंड रक्ताची असल्याने हिवाळ्यात ऊन वर आले की अंग शेकायला काठावर येते, म्हणजे आपली फेरी रंगात येते त्याच सुमारास. घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर किंवा उंच काठावरच थांबावे. पाण्यालगतच्या गवतात शिरू नये, हातपाय धुवायलाही खाली उतरू नये, आणि मुलांच्या पुढे कायम एक मोठे माणूस असावे. स्थानिक मासेमारांना आधी विचारावे; मगर कुठे पहुडते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. ती दिसली तर लांबूनच पाहावी, दगड मारून हलवू नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण दिलेले आहे.

पंचवीस जणांची रांग काठाने चालू लागली, की बगळे पुढे पुढे उडत जातात आणि प्रत्येकाला त्यांची पाठच दिसते. तीन गट करा, प्रत्येकाला वेगळी जागा द्या आणि अर्धा तास एकाच ठिकाणी बसवा. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना जवळ बोलावण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण त्यांची चरण्याची वेळ त्यात वाया जाते.

विश्रामबागकर : मग हरिपूर नक्की करतो. दुर्बिणी मोजक्याच आहेत आणि मुले लवकर कंटाळतात. त्यांना नेमके काय दाखवावे?

नदीकाठ : मोठ्या यादीच्या मागे लागू नका. कवड्या खंड्या एका जागी पंख फडफडवत हवेत तरंगतो आणि चोच खाली रोखून पाण्यात सूर मारतो. हे पाहायला दुर्बीणही लागत नाही. तो जवळ बसला, तर छातीवरचे काळे पट्टे पाहायला सांगा : नराला दोन, मादीला एकच आणि तोही मधे तुटलेला. तुतवार शेपटाकडचा भाग सतत वरखाली हलवतो, त्यामुळे मुले त्याला स्वतः शोधून काढतात. चक्रवाक आलेच असतील, तर त्यांचा नारिंगी रंग लांबूनही ओळखू येतो. ही बदके हिमालयापलीकडच्या उंच प्रदेशातून हिवाळ्यापुरती येतात आणि माणसाची चाहूल लागताच उडतात, म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवत पुढे धावू देऊ नका.

मुलांसाठी ८ × ४२ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची, दुर्बीण पुरेशी आहे. दहापट मोठे दाखवणारी त्यांच्या हातात हलत राहते आणि पक्षी सापडेपर्यंत उडून गेलेला असतो.