युनियनचे फोन घेऊ की कराराचं काम करू?

कॅप्टन_रामबाग:
राहतो इंदूरला, बेस मुंबई. मार्चमध्ये आमच्या पायलट युनियनचा सेक्रेटरी झालो. झालो म्हणजे दुसरं कुणी उभंच राहिलं नाही. डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या, नव्या नियमाने आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर गेली. वाढलेले बारा तास मला काही दिसले नाहीत, ते फोनवरच जातात. कुणाचं रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, ऐनवेळी बदललं, कुणाची रजा नाकारली, कुणाला लेओव्हरच्या, म्हणजे बाहेरगावच्या मुक्कामाच्या, हॉटेलात लिफ्टला लागून खोली मिळाली. परवा आईने पोह्यांवर जीरावन भुरभुरून बशी पुढे ठेवली. फोन ठेवेपर्यंत शेव मऊ पडली होती. इकडे पगार-कराराचा मसुदा दोन महिने तसाच पडलाय, आणि निधीतला मोठा घास वकील खातो, तोही एकेकट्याच्या केसेसवर. वेळ नि पैसा वाटायचा कसा? दमणुकीच्या तक्रारी ऐकून मीच दमलोय, हसू नका.

बँकवाले_काका:
अरे, तोंडी तक्रार घेणं आधी बंद कर. आमच्या सियागंजच्या शाखेत लाल कापडी पुठ्ठ्याची वही होती. ज्याची तक्रार त्यानेच लिहायची, तारखेसकट. निम्मे लोक वही बघूनच परत फिरायचे. उरलेलं महिनाअखेर वाचलं की कळायचं, बाराजणांचं गाऱ्हाणं एकच आहे. मग ते साहेबाकडे न्यायचं नाही, सरळ मागणीपत्रात घालायचं. म्हणजे तुझे फोन हाच तुझा मसुदा आहे, फक्त लिहिलेला नाही. आणि वकील कुणाला द्यायचा हे कमिटीने ठरवावं, तू एकट्याने नाही. मी ठरवायचो. ज्यांना नाही म्हटलं त्यातला एकजण अजून सराफ्यात दिसला की तोंड फिरवतो.

एफओ_दांडियाबाजार:
सर, मी एफओ, म्हणजे फर्स्ट ऑफिसर. रात्री साडेअकराला फोन करणारा मीच. माफ करा. पण माझ्यासारख्या चार ज्युनिअरांना कामाला लावा ना. नव्या नियमाने रात्रीच्या लँडिंगांची मर्यादा सहाच्या जागी दोन झाली, ती रोस्टरमध्ये खरंच पाळली जाते का, हे एक्सेलमध्ये आम्ही बघू. त्याला कॅप्टन लागत नाही. अमेरिकेतल्या ‘अल्पा’ या पायलट युनियनमध्ये युनियनच्या कामासाठी सोडलेल्या फ्लाइटचा पगार युनियन भरून देते. वर्गणी मात्र पगाराच्या १.८५ टक्के.

कॅप्टन_रामबाग:
पगार भरून द्यायचं खजिनदारांपुढे काढलं. म्हणाले, वर्गणी वाढव म्हटलंस तर निम्मे जातील. विषय तिथेच संपला. वहीच्या जागी गूगल फॉर्म केला. पहिल्या आठवड्यात २३ आले, त्यातले १४ स्टँडबायचेच, म्हणजे बोलावलं तर निघायच्या ड्युटीचे. ते कराराच्या मसुद्यात पहिल्या पानावर घेतले. फोन आता बुधवारी संध्याकाळी सहा ते आठ, तिघे आळीपाळीने. एफओ, तुमचं नाव एक्सेलवाल्यांत घातलंय, आता पळू नका. काका, नाव लिहायला घाबरणाऱ्यांचं काय करायचात?

बँकवाले_काका:
वहीत नुसता नंबर. कुठला नंबर कुणाचा, ती चिठ्ठी माझ्या पाकिटात.