मदत हवी आहे: कडक भाकरीच्या गटाला यंत्रांसाठी अनुदान, बँकेत अडलंय

ज्वारीची_लेक
नमस्कार. घाईत लिहितेय, सोमवारी परत बँकेत जायचंय. मंगळवेढ्याजवळच्या गावात आम्ही बचत गटाच्या अकरा जणी सहा वर्षं कडक भाकरी करतो. ज्वारी आमच्याच शिवारातली, पण साठवायला जागा नाही. सुगीत शेतकरी अडत्याला घालतात आणि पावसाळ्यात आम्ही तीच ज्वारी जास्त भावाने परत आणतो. वर खडे. मागच्या महिन्यात पुण्याच्या एका दुकानदाराने दोन खोकी परत पाठवली, गिऱ्हाइकाच्या दाताखाली खडा आला म्हणून. अकरा जणी सुपात पाखडतात तरी एखादा राहतोच.
डिस्टोनर (धान्यातले खडे काढणारं यंत्र), चक्की, पॅकिंगचं यंत्र आणि कोठ्या मिळून ८ लाखांचं कोटेशन आहे. अनुदानाचा अर्ज भरून चार महिने झाले. बँक म्हणते, प्रकरण बसत नाही. काय करू? लवकर सांगा.

बांधकरी
ताई, योजना कोणती? अर्ज गटाच्या नावाने की तुमच्या? ‘बसत नाही’ हे लेखी दिलंय की तोंडी? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

मोहोळकर
ज्वारी मालदांडीच ना? कडक भाकरीला मालदांडी ३५-१ हेच वाण हवं. ही निवड आमच्या मोहोळच्या संशोधन केंद्रातली. संकरित ज्वारीच्या पिठाला ती चव नाही आणि भाकरी थापताना कडा फाटतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, ते पाकिटावर टाका.

गावमळा
मानांकन असंच छापता येत नाही हो. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ताईंना नसत्या भानगडीत पाडू नका.

थेट_विक्री
माझं ऐका, अनुदानाच्या नादी लागू नका. आम्ही पुण्यातल्या सोसायट्यांत थेट माल देतो. आगाऊ नोंदणी, निम्मे पैसे आधी. त्याच पैशातून दोन वर्षांत चक्की घेतली. कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही.

ज्वारीची_लेक
थेट विक्री आम्हीपण करतो, दादा. पण खडा निघाला की तेच गिऱ्हाईक परत येत नाही. यंत्र आत्ता पाहिजे, दोन वर्षांनी नाही.
बांधकरी, योजना सूक्ष्म अन्न प्रक्रियावाली, पीएमएफएमई, ३५ टक्के अनुदानाची. अर्ज माझ्या नावाने, गटाची अध्यक्ष मीच आहे. लेखी काही नाही. साहेब म्हणाले, ‘तुमचा व्यवसाय दिसत नाही’, आणि सासऱ्यांची जमीन तारण मागितली. सहा वर्षं धंदा करतोय आणि दिसत नाही म्हणजे काय?

खातेउतारा
मी २८ वर्षं बँकेत कर्ज विभागात होतो. एकच विचारतो: भाकरीचे पैसे कुठल्या खात्यावर जमा होतात?

ज्वारीची_लेक
गटाच्या बचत खात्यावर. अजून कुठे होणार?

खातेउतारा
मग गाठ इथेच आहे. अर्ज तुमच्या नावाने, विक्री गटाच्या खात्यात. साहेब तुमचा खातेउतारा बघतात, त्यात भाकरीचा एक रुपया दिसत नाही. माणूस अडवणारा असेल-नसेल, पण कागदावर त्याचं म्हणणं खरं आहे. गटालाही याच योजनेत ३५ टक्के आहेत. अर्ज गटाच्या नावाने करा. सोबत ठराव, गटाचा उतारा आणि दुकानदारांची बिलं जोडा.
तारणाचं म्हणाल तर, सूक्ष्म उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. शांतपणे सांगा आणि नकार लेखी मागा.

शिवार_कंपनी
गटाने काय होतंय? शेतकरी उत्पादक कंपनी काढा. १० हजार कंपन्यांच्या केंद्रीय योजनेत तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत आहे, वर सभासदामागे २ हजारांचं भागभांडवल अनुदान. राज्याच्या स्मार्ट प्रकल्पात तर ६० टक्के अनुदान होतं.

बांधकरी
सपाट भागात ३०० सभासद लागतात, तेही सांगा की. अकरा बायकांनी ३०० शेतकरी कुठून आणायचे? आणि ते १८ लाख कंपनी चालवायच्या खर्चाचे, यंत्राचे नाहीत. आमच्या तालुक्यात अशा कंपन्यांची पाटी तेवढी उरलीय.

शिवार_कंपनी
तुमच्या तालुक्यात बुडाल्या म्हणून सगळ्या वाईट? आमच्या कंपनीने यंदा तूर स्वतः साफ करून विकली, अडत वाचली. सुगीत माल धरून ठेवायचा तर शेतकऱ्याला त्याच दिवशी पैसे लागतात. ते अकरा जणींच्या गटाला झेपणार आहे का?

ज्वारीची_लेक
हे मात्र खरं आहे. कोठी आली तरी ती भरायला पैसे लागतीलच. याच योजनेत बीज भांडवल म्हणून प्रत्येकीला ४० हजार मिळतात असं ऐकलं. ते रोख हातात येतात का?

उमेद_सखी
ताई, मी बचत गटांच्या प्रभाग संघाचं काम बघते. ४० हजार सभासदामागे खरे आहेत, खेळतं भांडवल आणि छोट्या अवजारांसाठी. पण ते संघाकडे येतात आणि संघ गटाला कर्ज म्हणून देतो, परत फेडायचे. सगळ्या जणी प्रक्रियेच्या कामात आहेत, याची नोंद लागते. तुमचं इतिवृत्त नीट लिहिलेलं आहे ना?

गोदामवाला
कृषी पायाभूत सुविधा निधीतून मोठं गोदाम बांधा. २ कोटींपर्यंतच्या कर्जाला ३ टक्के व्याज सवलत, सात वर्षं.

गावमळा
त्यांना चार कोठ्या पाहिजेत, भाऊ. गोदाम कुणी मागितलंय?

खातेउतारा
ताई, हिशोब मांडून देतो. बऱ्याच जणांना वाटतं, आधी अनुदान आणि मग यंत्र. उलटं आहे. ८ लाखांत १० टक्के, म्हणजे ८० हजार गटाचे. ७ लाख २० हजार कर्ज. अनुदान २ लाख ८० हजार, पण ते बँकेत वेगळ्या खात्यात पडून राहतं. शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षं कर्जखातं नियमित आणि युनिट चालू असेल तर कर्जात वळतं होतं. म्हणून महिन्याचा हप्ता भाकरीच्या विक्रीतून निघतो का, ते आधी बघा. खेळत्या भांडवलावर अनुदान नाही. जागेच्या किमतीवरही नाही. शेड कुणाच्या नावावर आहे?

ज्वारीची_लेक
शेड सासऱ्यांच्या नावावर. आठ-अचा उताराही त्यांचाच. भाडेकरार केला तर चालेल का? ते तयार आहेत.
दुसरं, अर्ज भरून देणाऱ्याने १५ हजार घेतलेत. आता गटाचा नवीन अर्ज म्हटल्यावर पुन्हा पैसे मागतोय.

बांधकरी
एक पैसा देऊ नका! या योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. प्रकल्प अहवालापासून बँकेपर्यंत मदत करणं हे त्यांचं कामच आहे, मानधन सरकार देतं. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात यादी मिळेल.

थेट_विक्री
पैसे घेणारे सगळेच लुबाडत नाहीत. माझ्या भावाचं काम एका सल्लागारानेच मार्गी लावलं.

बांधकरी
लावलं असेल. पण फुकट मिळणाऱ्या कामाला बायकांचे १५ हजार गेले, त्याचा राग यायला नको?

खातेउतारा
भाडेकरार चालतो. नोंदवलेला करा आणि मुदत कर्जफेडीपेक्षा कमी ठेवू नका.

ज्वारीची_लेक
आज गटाची बैठक घेतली. एक जण कर्जाला तयार नव्हती. तिच्या माहेरी ट्रॅक्टरच्या हप्त्यांनी घर मोडलंय. तासभर बोललो. शेवटी तीच म्हणाली, तव्यावर फडक्याने दाबून दाबून एकेक भाकरी कडक करायची आणि खड्यापायी खोकं परत यायचं, हे आता सोसवत नाही. ठराव झाला, अकरा सह्या झाल्या. उद्या यादी आणायला सोलापूरला जातेय, सोमवारी गटाचा उतारा घेऊन बँकेत. कोटेशन माझ्या नावाने आहे, तेही गटाच्या नावाने बदलून घ्यावं लागेल ना?

खातेउतारा
हो, आणि त्यावर विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक आहे का बघा.

मोहोळकर
ताई, ज्वारीचं राहिलंच. मालदांडीच वापरता ना?