देवदूतांचे नऊ वृंद : हायरार्की, विषमता की तारतम्य?

प्रश्न

पोप लिओ तेरावे यांनी २८ डिसेंबर १८७८ रोजी समाजवादाविरुद्ध काढलेल्या परिपत्रातील एका उताऱ्याचा अनुवाद मी करीत आहे. त्यातील युक्तिवाद थोडक्यात असा आहे की, स्वर्गराज्यातही देवाने देवदूतांचे वृंद, म्हणजे श्रेणीनुसार गट, वेगवेगळे ठेवून काहींना इतरांच्या अधीन केले, चर्चमध्येही सगळेच प्रेषित किंवा सगळेच आचार्य नसतात, आणि त्याच रीतीने नागरी समाजातही प्रतिष्ठा, हक्क व सत्ता यांबाबत भिन्न असे अनेक स्तर असावेत अशी त्याची योजना आहे. पहिल्या खर्ड्यात मी ‘देवदूतांची उतरंड’ आणि ‘नैसर्गिक विषमता’ असे शब्द योजले होते. खर्डा वाचणाऱ्या मित्राने, हे मनुस्मृतीवरचे भाष्य आहे काय, असे विचारले. मूळ लेखकाच्या म्हणण्यात तसे काही आहे, की माझ्या शब्दांनी ते आणले, हे मला ठरवता येत नाही. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर

दोन्ही शब्द बदलावेत असे माझे मत आहे. मात्र दोन्हींची कारणे वेगळी आहेत.

उतरंड म्हणजे एकावर एक रचलेली मडकी. तिच्यात सर्वांत मोठे मडके तळाशी असते आणि वरच्या सगळ्यांचा भार तेच वाहते, म्हणूनच जातिव्यवस्थेसाठी हा शब्द मराठीत इतका चपखल बसला. देवदूतांच्या श्रेणीरचनेला परंपरेने लावल्या जाणाऱ्या ‘हायरार्की’ या शब्दाच्या जन्मकथेत मात्र भाराची कल्पनाच नाही. पवित्र या अर्थाचा ‘हिएरोस’ आणि आरंभ किंवा शासन या अर्थाचा ‘आर्खे’ यांपासून बनलेले ‘हिएरार्खिया’ हे ग्रीक भाववाचक नाम रूढ केले ते पाचव्या शतकाच्या अखेरीस किंवा सहाव्याच्या आरंभी, बहुधा सीरियात, लिहिणाऱ्या एका अज्ञात ख्रिस्ती लेखकाने. प्रेषित पौलाचे अथेन्समधील भाषण ऐकून श्रद्धावंत झालेल्या दिओनिसियसचे नाव त्याने धारण केले होते, आणि त्या नावाच्या पुण्याईवर पुढची हजार वर्षे त्याचा शब्द प्रमाण मानला गेला. त्याच्या व्याख्येनुसार हायरार्की म्हणजे पवित्र क्रम, ज्ञान आणि कार्य. आणि तिचे प्रयोजन एवढेच की, प्रत्येकाने आपापल्या कुवतीप्रमाणे शक्य तितके देवासारखे व्हावे. वरच्याने खालच्याला शुद्ध करावे, प्रकाश द्यावा, पूर्णत्वाकडे न्यावे, अशी ती रचना आहे. येथे वरून खाली उतरतो तो प्रकाश, आणि ज्याला तो अधिक मिळाला त्याच्यावर तो पुढे देण्याची जबाबदारीही अधिक येते.

बायबलमधील यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथातील एक प्रसंग याच लेखकाने चर्चेला घेतला आहे. एक सराफ, म्हणजे सर्वोच्च वृंदातील देवदूत, वेदीवरचा निखारा चिमट्याने उचलून संदेष्ट्याच्या ओठांना लावतो, असे तेथे वर्णन आहे. परंतु सराफ तर देवाच्या सर्वांत निकटचे. माणसांकडे येण्याचे काम सर्वांत खालच्या वृंदाचे. मग सराफ कसा आला? या लेखकाने दिलेल्या उत्तरांपैकी एक असे आहे की, आला तो खालच्या वृंदातील देवदूतच, पण त्याच्या हातून घडलेली शुद्धी ज्या स्रोतातून आली त्या सराफाच्या नावे ती सांगितली गेली. खालच्याचे काम वरच्याच्या नावावर जमा होणे आपल्या कचेऱ्यांतही नवे नाही, हे खरे. पण येथे दोघेही ते काम शेवटी देवाचेच मानतात.

आता ‘विषमता’. भारतीय दर्शनांत या शब्दाला एक ठरलेली जागा आहे. ‘वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्’ या ब्रह्मसूत्रात (२.१.३४) वैषम्य हा ईश्वरावरचा आरोप आहे. एकाला सुखी आणि दुसऱ्याला दुःखी जन्माला घालणारा ईश्वर पक्षपाती ठरत नाही काय, असा तो आक्षेप. आणि ईश्वर प्राण्यांच्या कर्माप्रमाणे फळ देतो, म्हणून दोष त्याच्याकडे जात नाही, असे त्याचे उत्तर. ख्रिस्ती परंपरेत या उत्तराच्या अगदी जवळ पोहोचला तो तिसऱ्या शतकातील ओरिजेन. देव न्यायी आहे, तेव्हा त्याने सर्व बुद्धिमान जीव आरंभी सारखेच निर्माण केले असले पाहिजेत, आणि पुढे त्यांनी स्वेच्छेने देवाकडे किंवा देवापासून दूर जितकी वाटचाल केली त्यानुसार कोणी देवदूत, कोणी मनुष्य, कोणी सैतान झाले, असे त्याने मांडले. चर्चने हा विचार नाकारला. ओरिजेनच्या मतांचा निषेध इ. स. ५५३ मधील कॉन्स्टँटिनोपलच्या दुसऱ्या परिषदेशी जोडला जातो.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या कॅथलिक धर्मतत्त्वज्ञाने ओरिजेनचेच नाव घेऊन उलट बाजू मांडली. त्याच्या मते भेद ही शिक्षा नव्हे. देवाचे चांगुलपण कोणत्याही एका निर्मितीत पुरेसे प्रकट होऊ शकत नाही, म्हणून त्याने अनेक आणि भिन्न प्रतीच्या वस्तू निर्माण केल्या, आणि भिन्न प्रती आल्या की कमीअधिकपणा ओघाने आलाच. पाप घडलेच नसते तरी माणसांत वय, शरीरबल आणि ज्ञान यांत फरक राहिलाच असता, असे तो स्पष्ट म्हणतो. तेव्हा जो शब्द आरोप म्हणून घडला, तो या विचाराच्या अनुवादात घातला तर वाचकापुढे निकाल आधी जातो आणि बाजू मागून. म्हणून माझी सूचना ‘तारतम्य’ अशी आहे. आज आपण तो शब्द ‘तारतम्य बाळगा’ एवढ्यापुरता वापरतो, पण तर आणि तम या प्रत्ययांपासून बनलेला तो शब्द मुळात कमीअधिकपणाचाच वाचक आहे.

पूरक शंका

‘तारतम्य’ हा शब्द माध्व संप्रदायाचा, म्हणजे मध्वाचार्यांच्या द्वैतमताचा, पारिभाषिक शब्द आहे. देवदेवतांत आणि जीवांत तर क्रम आहेच, पण मोक्षातही आनंदाचे तारतम्य उरते, हे द्वैतमताचे वैशिष्ट्य आहे. एका दर्शनाचा असा रुळलेला शब्द दुसऱ्या धर्माच्या विचाराला लावल्याने घोटाळा होणार नाही काय?

उत्तर

घोटाळ्यापेक्षा लाभ अधिक होईल असे वाटते, कारण नेमक्या याच मुद्द्यावर दोन्ही परंपरा एकमेकींच्या आश्चर्यकारक रीतीने जवळ येतात. कॅथलिक चर्चच्या फ्लॉरेन्स येथील परिषदेने १४३९ मध्ये असे ठरवून दिले की, स्वर्गातील सर्व धन्य आत्म्यांना देवाचे साक्षात दर्शन होते, परंतु पुण्याईच्या भिन्नतेनुसार ते एकाला दुसऱ्यापेक्षा अधिक पूर्णतेने होते. मग ज्याला कमी मिळाले तो तेथेही खंतावणार नाही काय? फ्रान्समधील लिझ्यू येथील संत तेरेज हिला लहानपणी हीच शंका पडली होती. तिच्या मोठ्या बहिणीने वडिलांचा मोठा पेला आणि शिवताना बोटात घालायचे टोपण शेजारी शेजारी ठेवले, दोन्ही पाण्याने काठोकाठ भरले, आणि यांतले अधिक भरलेले कोणते, असे तिला विचारले. माध्वांच्या आनंदतारतम्याचे स्पष्टीकरण करणाऱ्या पंडितालाही हे उदाहरण परके वाटणार नाही.

दोहोंतला फरक मात्र अनुवादकाने टीपेत नोंदवावा. माध्वमतात काही जीव स्वभावतःच मोक्षाला अपात्र ठरतात. कॅथलिक शिकवणीत असा कोणीही मनुष्य नाही.

आणखी एक प्रतिसाद

वरील विवेचन विद्वत्तापूर्ण आहे, तरी मला ते थोडे सोयीचेही वाटते. गोव्यातील कॅथलिक समाजात बामण, चार्डो, सुदिर हे जातिभेद धर्मांतरानंतरही टिकले, आणि चर्चशी निगडित कोन्फ्रारियांमध्ये, म्हणजे धर्मबंधुसंघांमध्ये, कोणाला प्रवेश मिळावा हेही काही गावांत जातीवरून ठरत असे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी भारतीय समाज ज्या तत्त्वावर उभा असल्याचे सांगितले, त्याला मराठीत आपण श्रेणीबद्ध विषमता म्हणतो. स्वर्गातील श्रेणींचा दाखला देऊन पृथ्वीवरील समाजात हक्कांचे वेगवेगळे स्तर सांगणाऱ्या वाक्याला ‘तारतम्य’ असे सौम्य नाव दिले, तर ते वाक्य मुळापेक्षा निरागस दिसू लागेल.

उत्तर

हा आक्षेप निम्म्याहून अधिक मान्य करावा लागतो. दोष कोठे आहे ते मात्र नेमके दाखवायला हवे, आणि ते दाखविण्याचे साधन खुद्द अक्वायनसच पुरवितो.

त्याच्या मते देवदूत हे अशरीरी असल्यामुळे एकाच प्रकारचे अनेक देवदूत असूच शकत नाहीत. मिखाएल ही एक स्वतंत्र ‘स्पेसिएस’ आणि गब्रिएल ही दुसरी. शालेय जीवशास्त्राच्या परिभाषेप्रमाणे याला ‘जाती’ म्हणावे लागेल, आणि ‘प्रत्येक देवदूत ही स्वतंत्र जाती आहे’ असे वाक्य छापले तर मराठी वाचक काय समजेल हे सांगायला नको. येथे ‘कोटी’ हा शब्द बरा. पण शब्द कोणताही घ्या, मुद्दा असा की देवदूतांतील भेद हा स्वरूपाचा भेद आहे, तर सर्व माणसे एकाच कोटीतील आहेत. यातून तो स्वतःच पुढचे पाऊल टाकतो. देवदूतांचे वृंद निसर्गदत्त आणि कृपादत्त अशा दोन्ही देणग्यांवरून ठरतात, कारण त्यांना कृपा त्यांच्या निसर्गाच्या प्रमाणात मिळाली; माणसांत तसे नसल्यामुळे त्यांच्यातील श्रेणी केवळ कृपेच्या देणग्यांवरून ठरतात, निसर्गाच्या नव्हे. इतकेच नव्हे, तर स्वभावतः सर्वांत खालच्या देवदूताहूनही खाली असलेला मनुष्य कृपेने वरच्या वृंदांतही स्थान मिळवू शकतो. येशूची आई मरिया हिला ‘देवदूतांची राणी’ म्हणताना कॅथलिक भाविक याचीच ग्वाही देतात, कारण निसर्गाच्या क्रमात नाझरेथची ती मुलगी करुबांच्या आणि सराफांच्या, म्हणजे सर्वांत वरच्या दोन वृंदांच्या, कितीतरी खाली होती.

याचा अर्थ असा की, देवदूतांवरून जन्मसिद्ध मानवी स्तरांकडे उडी मारणारा युक्तिवाद अक्वायनसच्या कसोटीवर टिकत नाही. सर्वांच्या सामाईक हितासाठी एकाने दुसऱ्याचे मार्गदर्शन करणे पापाविनाही असते, असे तो म्हणतो. पण एका माणसाला दुसऱ्याच्या लाभासाठी राबविणारी मालकी मात्र पापाविना नसती. त्याच्या कितीतरी आधी ख्रिस्ती आचार्य ऑगस्टीनने गुलामगिरीचे मूळ पापातच दाखविले होते. लिओ तेरावे यांचा उतारा हा फरक पुसट करतो, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याच पोपनी १८९१ मध्ये कामगारांच्या वेतनाची व संघटनांची बाजू घेतली म्हणून तो उतारा बदलत नाही. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मात्र सर्व माणसांची मूलभूत समानता अधिकाधिक मान्य झाली पाहिजे असे सांगून, लिंग, वंश, वर्ण, सामाजिक स्थिती, भाषा किंवा धर्म यांवरून मूलभूत हक्कांत केला जाणारा भेदभाव देवाच्या हेतूविरुद्ध ठरविला. आजचा कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ तर दोन गोष्टी लागोपाठच्या परिच्छेदांत वेगळ्या काढतो : गुणांची वाटणी सारखी नसणे ही देवाची योजना, कारण त्यामुळे माणसांना एकमेकांची गरज लागते, आणि कोट्यवधी स्त्रीपुरुषांना ग्रासणारे अन्यायी भेद हे पाप. पहिल्यासाठी ‘तारतम्य’ आणि दुसऱ्यासाठी ‘विषमता’ असे शब्द राखून ठेवले, तर आक्षेपकाला हवी असलेली धारही जाणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. उताऱ्यात देवदूतांसाठी ‘नऊ वृंद’ आणि ‘तारतम्य’ हे शब्द घेतो, आणि नागरी समाजाच्या वाक्यात ‘प्रतिष्ठा, हक्क आणि सत्ता यांबाबत भिन्न असे स्तर’ ही शब्दयोजना तशीच ठेवतो, म्हणजे ती जितकी बोचरी आहे तितकी बोचरी राहील. एक अडचण अजून उरते. वृंदांची यादी टीपेत द्यायची तर क्रम कोणाचा घ्यावा?

उत्तर

दिओनिसियसचा, म्हणजे ते नाव धारण करणाऱ्या वरील लेखकाचा, घ्यावा, कारण अक्वायनस प्रामुख्याने तोच क्रम धरून चालतो : सराफ, करूब, राजासने, प्रभुत्वे, सामर्थ्ये, अधिकार, आधिपत्ये, आद्यदेवदूत, देवदूत. पोप ग्रेगरी पहिले यांच्या एका प्रवचनात ‘सामर्थ्ये’ आणि ‘आधिपत्ये’ यांच्या जागांची अदलाबदल आहे. इटालियन कवी दान्तेने आपल्या काव्यात ग्रेगरींना स्वर्गात पोहोचल्यावर स्वतःच्या या चुकीवर हसायला लावले आहे. सहाव्या वृंदाचे नाव ‘अधिकार’ ठेवल्यामुळे तुमच्या वाक्यात ‘हक्क’ हा शब्द सोडू नका. मराठीतील ‘अधिकार’ हक्कालाही म्हणतात, सत्तेलाही आणि पात्रतेलाही, आणि लॅटिनमध्ये हक्क व सत्ता हे येथे दोन निरनिराळे शब्द आहेत.