पुनरुत्थान जागरणात लहान मुलीला काय काम द्यावं?

प्रश्न: यंदा धर्मग्रामात (आमच्या चर्चच्या पॅरिशमध्ये) ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणाची तयारी माझ्याकडे आहे. सात वर्षांची लेक रोज विचारते, "आई, मी काय करू?" विधी अंधार पडल्यावरच सुरू होतो, तोवर ती पेंगते.

उत्तर: बाहेर नवा अग्नी पेटतो तिथे तिला पुढे उभी करा. फादर पास्का मेणबत्तीवर (ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवर) क्रूस, आल्फा-ओमेगा ही ग्रीक वर्णमालेतली पहिली-शेवटची अक्षरं आणि वर्षाचे चार आकडे कोरतात. माझा मुलगा ते आकडे श्वास रोखून बघत होता. त्यानंतर झोप कुठली!

उत्तर: दुपारी झोपवा. आणि झावळ्यांच्या रविवारची (ईस्टरच्या आधीच्या रविवारची) झावळी तिला जपायला द्या, पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळाला लावायची राख त्यातूनच होते.

प्रश्नकर्ती: झावळी क्रुसामागे खोचलेलीच आहे. आजच सांगते तिला!