एका पानावर सहा आलेख: झूम अडकतो, वेबजीएल केलं की आलेख कोरे

ठिपकेवाला
प्लॉटली.जेएस (आलेख काढायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) वापरून काढलेले सहा आलेख एकाच वेबपानावर आहेत. प्रत्येकात तापमानाचा एक सेन्सर, सेकंदाला एक नोंद, सात दिवस, म्हणजे ६,०४,८०० बिंदू. मोड रेषा अधिक मार्कर (प्रत्येक नोंदीचा ठिपका). झूम केलं की टॅबच गोठतो. आलेखाचा प्रकार 'स्कॅटर'चा 'स्कॅटरजीएल' (वेबजीएलने, म्हणजे जीपीयू या ग्राफिक्स चिपवर काढणारा) केला तर वेग आला, पण आधी काढलेले एक-दोन आलेख कोरे पडतात. शिवाय नवा डेटा आला की झूम मूळ जागी जातो.

चौकटराजा
आधी मार्कर काढा. साधा 'स्कॅटर' एसव्हीजीत (वेक्टर चित्रात) काढला जातो. त्यात रेषा एका पाथमध्ये मावते, मार्कर मात्र प्रत्येकी डॉममधला (पानाच्या घटकांच्या झाडातला) वेगळा घटक. सहा लाख घटक म्हटल्यावर टॅब गोठणारच.

कोऱ्या आलेखांचं कारण ब्राउझरच्या कन्सोलमध्ये दिसेल. क्रोम पानामागे साधारण १६ वेबजीएल कॉन्टेक्स्ट (चित्र काढण्याची सत्रं) जिवंत ठेवतो, पुढचा मागितला की सर्वांत जुना मारतो. स्कॅटरजीएलला एका आलेखामागे एकाहून जास्त लागतात. 'व्हर्च्युअल-वेबजीएल'ची स्क्रिप्ट (एकच खरा कॉन्टेक्स्ट सगळ्यांत वाटणारी) प्लॉटलीच्या आधी लोड केली की भागतं.

झूमसाठी लेआउटमध्ये 'यूआयरिव्हिजन'ला एक ठरावीक किंमत द्या आणि ती बदलू नका. प्लॉटलीचं 'रिॲक्ट' फंक्शन वापरताना जुन्याच ॲरेत पुश करत असाल तर 'डेटारिव्हिजन' मात्र दर वेळी बदला, नाहीतर आलेख हलणारच नाही.

रेघोट्या
माझ्या मते इथे वेबजीएलची गरजच नाही. आलेख १२०० पिक्सेल रुंद धरला तर एका उभ्या पिक्सेलवर ५०४ नोंदी येतात. त्या पाठवायच्याच कशाला? सर्व्हरवर दर पिक्सेलमागे पहिली, शेवटची, किमान आणि कमाल अशा चारच नोंदी निवडा (एम४ पद्धत). जास्तीत जास्त ४८०० बिंदू, साधं एसव्हीजी मजेत पेलतं. सरासरी घेऊ नका, दोन सेकंदांचा उसळलेला आकडा त्यात साफ बुडतो.

झूमवर 'प्लॉटली_रीलेआउट' इव्हेंट ऐका, २०० मिलिसेकंद थांबा, नव्या पट्ट्यासाठी पुन्हा मागवा. आधीची विनंती ॲबॉर्ट करा, नाहीतर उशिरा आलेलं जुनं उत्तर नव्यावर बसतं. डेटा प्लॉटलीच्या 'रीस्टाइल' फंक्शनने भरा आणि ॲरे आणखी एका ॲरेत गुंडाळा. नाही गुंडाळला तर पहिली किंमत पहिल्या ट्रेसला (आलेखातल्या एका मालिकेला), दुसरी दुसऱ्याला असं वाटप होतं.

डबल-क्लिकला रेंज येत नाही, 'एक्सॲक्सिस.ऑटोरेंज' येतं. तेव्हा पूर्ण आठवडा मागवा.

ठिपकेवाला
आणि शेडर (जीपीयूवर चालणारे छोटे प्रोग्राम) स्वतःच लिहिले तर?

चौकटराजा
मग वेळ सांभाळा. एपॉक मिलिसेकंद (१ जानेवारी १९७० पासून मोजलेले) आज सुमारे १.७ लाख कोटी. फ्लोट३२मध्ये (३२ बिटांत साठवलेल्या दशांश संख्येत) तिथे शेजारच्या दोन आकड्यांत १,३१,०७२ मिलिसेकंदांचं अंतर पडतं, म्हणजे दोन मिनिटांहून जास्त. बिंदू जिन्यासारखे एकावर एक चढतात. जावास्क्रिप्टमध्येच पहिली वेळ वजा करा आणि फरक तेवढा जीपीयूला द्या.