चर्चा: पिस्तोइयाच्या वेदीचित्राखाली नाव कुणाचं हवं?

चुनखडी
लंडनच्या नॅशनल गॅलरीत एक मोठं वेदीचित्र (चर्चच्या वेदीवर लावायचं, लाकडी फळ्यावरचं चित्र) आहे, उंची-रुंदी दोन्ही साधारण 1.8 मीटर. मधोमध पवित्र त्रैक्य: देवपिता क्रूस धरून बसलाय, खाली क्रूसावर येशू, मध्ये पवित्र आत्म्याचं कबूतर. डावीकडे संत मामास आणि याकोब, उजवीकडे झेनो आणि जेरोम. इटलीतल्या पिस्तोइया गावच्या पाद्र्यांच्या संघानं 1455 मध्ये हे काम फ्लॉरेन्सच्या चित्रकार पेझेल्लीनोला दिलं. 1457 च्या जुलैत तो वारला. अर्धवट फळा प्रातोला चित्रकार फिलिप्पो लिप्पीच्या कारखान्यात गेला आणि पुरं झालेलं चित्र 1460 मध्ये पिस्तोइयात पोचलं.

माझं म्हणणं सरळ आहे. हे चित्र पेझेल्लीनोचं. रचना त्याची, आकृत्यांची मांडणी त्याची, आणि कागदोपत्री त्याचंच म्हणून सिद्ध होणारं हे एकमेव काम. लिप्पीनं ते पुरं केलं, याबद्दल त्याला एक ओळ पुष्कळ झाली. दोन्ही नावं सारख्या टायपात छापली की मोठ्या नावाच्या सावलीत धाकटा झाकोळतो.

वर्ख_आणि_बोल
पूर्ण असहमत. पेझेल्लीनोच्या मृत्यूनंतर कामाचं मोल ठरवायला दोघांना बोलावलं होतं, स्वतः लिप्पी आणि चित्रकार दोमेनिको व्हेनेत्सियानो. त्यांनी काम निम्मं झालंय असा निवाडा दिला. आता हे ‘निम्मं’ म्हणजे काय, ते बघा.

वेदीचित्राचा क्रम ठरलेला असतो. पॉप्लरच्या फळ्या उभ्या जोडायच्या, वर सरस पाजायचा, सांध्यांवर जुनं लिननचं कापड. मग जिप्सम-सरसाचा जाड थर, तो घासून त्यावर बारीक जिप्समचे अनेक थर. त्यावर रेखाटन. सोनं लागणार त्या कडा टोकदार सळईनं कोरून घ्यायच्या, लाल माती चढवायची, वर्ख बसवून घोटायचा. एवढं झाल्यावर रंग. त्यातही आधी कपडे आणि इमारती, चेहरे आणि हातपाय अगदी शेवटी. 1400 च्या सुमारास चित्रकलेच्या तंत्रावर लिहिणारा चित्रकार चेन्नीनी हाच क्रम सांगतो.

म्हणजे निम्म्यावर थांबलेल्या फळ्यावर खर्चाचं सामान लागून गेलेलं असू शकतं आणि चेहरे कोरे. माणूस बघतो चेहरेच. मग पेझेल्लीनोचं चित्र कोणतं म्हणायचं?

चुनखडी
तुमच्याच क्रमातून उत्तर निघतं. कडा कोरून वर्ख बसला की आकृती जागची हलत नाही. मागून येणारा खांदा बोटभर सरकवायला गेला तर घोटलेल्या सोन्यावर रंग चढवावा लागतो, आणि तो तिथे नीट धरत नाही, पुढे पापुद्रा सुटतो. लिप्पीला मिळालेला फळा आराखडा पक्का झालेला होता. दुसऱ्यानं आखलेल्या रेघेत रंग भरणाऱ्याला कर्ता म्हणायचं का?

अकबरी_कारखाना
यावर आपल्याकडे चारशे वर्षांपूर्वीच तोडगा निघालाय. अकबरनाम्याची पानं लंडनमध्येच आहेत, व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये. खालच्या समासात लिहिलेलं असतं, आखणी कुणाची आणि रंगकाम कुणाचं. हवाई हत्तीच्या पानावर आखणी बसावनची, रंग चेतरचे. दोन नावं, दोन कामं. पिस्तोइयाच्या चित्राखाली ‘आखणी पेझेल्लीनो, पूर्तता लिप्पी आणि कारखाना’ एवढं लिहिलं की भांडण मिटलं.

वर्ख_आणि_बोल
नाही मिटत. अकबराच्या कारखान्यात वाटणी आधीच ठरलेली आणि नोंद दफ्तरात. इथे वाटणी मरणानं केली. कुठली रेघ कुठे थांबली हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. याकोबाचा झगा एकानं सुरू करून दुसऱ्यानं संपवला असेल, तर समासात काय लिहाल?

तळपट्टी
तुम्ही सगळे वरच्याच फळ्याकडे बघताय. खाली प्रेडेला आहे, बुटक्या चित्रांची पट्टी: मामास तुरुंगात सिंहांसोबत, याकोबाचा शिरच्छेद, झेनो बादशहाच्या मुलीतला सैतान काढतोय, जेरोम सिंहाच्या पायातला काटा. हे काम लिप्पीच्या कारखान्याचं. त्यावरही पेझेल्लीनोचं नाव चढवणार? रशियातल्या हर्मिटेज संग्रहालयातलं संत ऑगस्टीनचं दर्शन हे या पट्टीतलं मधलं चित्र असावं असं मानतात, तेही लिप्पीचं.

दुसरं, पैसा. पेझेल्लीनोचा भागीदार पिएरो दी लोरेन्झो यानं या कामाच्या पैशातला वाटा मागत त्याच्या विधवेवर दावा लावला. दुकान भागीदारीत, मजुरी भागीदारीत, आणि साडेपाचशे वर्षांनी आपण एकटा प्रतिभावंत शोधतोय! पाटीवर एकट्याचं नाव हवं ही हौस आपली आहे, त्या पाद्र्यांना असलं काही पडलेलं नव्हतं.

चुनखडी
पाद्र्यांना पडलेलं होतं. म्हणून तर पिस्तोइयातल्या कुणा सोम्यागोम्याला न देता फ्लॉरेन्सच्या माणसाला काम दिलं, आणि तो गेल्यावर तितक्याच तोलाच्या लिप्पीकडे धाव घेतली. नावाची किंमत तेव्हाही मोजली जात होती. प्रेडेलाबद्दल वाद नाही, तिला वेगळी पाटी लावा.

तळपट्टी
मग चित्रकार लोरेन्झो मोनाकोचं काय करणार? फ्लॉरेन्सच्या सांता त्रिनिता चर्चसाठी त्यानं सुरू केलेलं वेदीचित्र त्याच्या मृत्यूनंतर फ्रा आंजेलिकोनं पुरं केलं. वरची शिखरं मोनाकोची, फळ्याला तीन टोकदार कमानी आधीच कापलेल्या. आंजेलिकोनं त्या तिन्हींतून सलग एकच दृश्य वाहवलं, क्रूसावरून येशूला उतरवण्याचं. चौकट पहिल्याची, आणि आज सगळं जग त्याला आंजेलिकोचंच म्हणतं. ‘आराखडा ज्याचा चित्र त्याचं’ हा तुमचा नियम इथे लावून दाखवा.

चुनखडी
तिथे रिकामी चौकट मिळाली होती, इथे आखलेल्या आकृत्या. दोन्ही एका मापानं कशी मोजता?

वर्ख_आणि_बोल
उलटं उदाहरणही आहे, लिप्पीच्याच घरातलं. मुलगा फिलिप्पीनो 1504 मध्ये गेला तेव्हा फ्लॉरेन्सच्या सान्तिस्सिमा अनुन्झियाता चर्चचं वेदीचित्र वरच्या अर्ध्यावर थांबलेलं. खालचा अर्धा पेरुजीनोनं पुरा केला. त्याच काळात पेरुजीनोवर जुन्याच आकृत्या पुन्हा वापरल्याची टीका झाली. वरून खाली नजर नेली की हात बदललेला कुणालाही कळतो. पिस्तोइयाच्या चित्रात सांधा असा दिसत नाही. माझ्या मते तीच लिप्पीची करामत, आणि तिला श्रेय द्यायला हवं.

करवत
सांध्याची गोष्ट काढलीत म्हणून. हे चित्र सलग मिळालेलंच नाही. 1783 मध्ये संघ बरखास्त झाला आणि फळा करवतीनं कापून विकला: त्रैक्य, दोन देवदूत, संतांच्या दोन जोड्या, शिवाय प्रेडेला. गॅलरीनं मधला तुकडा 1863 मध्ये घेतला आणि बाकीचे जमवण्यात 1930 चं दशक उजाडलं. मामास-याकोबाचा तुकडा ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहाचा, गॅलरीत तो उसना आहे. उजव्या संतांचा खालचा भाग सापडलाच नाही, तो विसाव्या शतकातल्या दुरुस्तकारानं रंगवून भरला. करवतीचं पातं जिथून गेलं तिथली लाकडाची नि रंगाची पट्टी भुशात गेली, ती वेगळीच.

तेव्हा तिसरा चित्रकार पाटीवर का नाही?

अकबरी_कारखाना
कारण तो चित्रकार नाही. भर घालणं वेगळं, चित्र काढणं वेगळं.

करवत
मग ती भर भर म्हणून दिसू द्या. रोमच्या पद्धतीत बारीक उभ्या रेघांनी जागा भरतात. चार पावलांवरून रंग जुळतो, जवळ गेलं की रेघा मोजता येतात. ती पद्धत 1940 च्या दशकातली, त्यामुळे तेव्हाच्या दुरुस्तकाराला दोष नाही. पण आज नव्यानं सफाई झाली तर तो भाग रेघांनी भरावा.

वर्ख_आणि_बोल
हे चित्र उपासनेसाठी सलग दिसायला केलेलं. संतांच्या पायाशी रेघांचा पट्टा आला की नजर आधी तिथेच जाईल, देवपित्याकडे कुणी बघणार नाही. दुरुस्तीची नोंद दफ्तरात ठेवा आणि पाटीवर एक ओळ टाका.

चुनखडी
म्हणजे दुरुस्तकाराला एक ओळ चालते! मी लिप्पीसाठी तेवढंच मागत होतो.

तळपट्टी
दुरुस्तकारानं कुणाचा चेहरा रंगवला नाही, चुनखडी. लिप्पीनं रंगवला की नाही, त्यावर तर सगळा धागा चाललाय. प्रेडेलाच्या वेगळ्या पाटीवर मात्र तुम्ही ‘वाद नाही’ म्हणालात, ते मी धरून ठेवलंय.