कपड्यांच्या दुकानात सेल्सची नोकरी: अर्ज, मुलाखत आणि पहिला महिना

नवशिकी

कपड्यांच्या मोठ्या दुकानात सेल्ससाठी अर्ज करायचा आहे. अनुभव शून्य. फार बोलका स्वभाव नाही, आणि कुणाच्या गळ्यात काही मारणं तर अजिबात जमणार नाही. एवढं नेमकं कळलं तर बरं होईल: अर्जात अनुभवाच्या जागी काय लिहायचं, मुलाखतीत काय बघतात, पहिल्या महिन्यात नवी माणसं कुठे अडकतात, आणि पगार ठरताना काय विचारून घ्यायचं. "हसतमुख राहा, आत्मविश्वास ठेवा" हे सगळीकडे वाचून झालं आहे. त्यापुढचं सांगा.

काजबटण

बायोडेटा एका पानाचा करा. नाव आणि फोन नंबर यांच्या लगेच खाली एक ओळ अशी हवी: आठवड्यातले कोणते दिवस आणि किती ते किती वाजेपर्यंत येऊ शकता. बहुतेक अर्जांत ही ओळ नसतेच, आणि अर्ज वाचणारा नेमकी तीच शोधत असतो. दुकानाची गर्दी संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी, त्यामुळे वेळापत्रकातली भोकंही तिथेच असतात. मात्र खरं तेच लिहा. "कधीही चालेल" लिहून दुसऱ्याच आठवड्यात रविवार नाकारला, तर त्यानंतर मिळणारे तासच कमी होतात.

अनुभवाच्या जागी "मेहनती, प्रामाणिक" अशी विशेषणं नकोत. दुकानातल्या कामाशी जुळणारं जे काही केलं असेल ते आकड्यासकट लिहा: एखाद्या कार्यक्रमाची तिकीटखिडकी सांभाळून रोजचा हिशेब जुळवला, ग्रंथालयात पुस्तकांची मोजदाद केली, फोनवर तक्रारी नोंदवल्या. शिवणकामाची तोंडओळख असेल तर ती आवर्जून वर घ्या. अर्ज हातोहात द्यायचा असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुकान उघडून तासभर झाल्यावर जा. भर गर्दीत दिलेला कागद काउंटरखाली जातो आणि तिथेच राहतो.

मुलाखतीआधी त्याच दुकानात अर्धा तास गिऱ्हाईक म्हणून फिरा. दारातून आत गेल्यावर पहिला कोणता माल दिसतो, सगळ्यात लहान आणि मोठी साईज कोणती, ट्रायल रूमबाहेर कपड्यांचा ढीग आहे का, हे टिपून ठेवा. "आमच्या दुकानात काय खटकलं?" हा प्रश्न हमखास येतो, आणि "काहीच नाही" हे त्याचं सगळ्यात वाईट उत्तर.

"हा शर्ट मला विकून दाखवा" हा दुसरा ठरलेला प्रश्न. इथे निम्मे उमेदवार लगेच शर्टाचं कौतुक सुरू करतात. समोरच्याला बघायचं असतं ते तुम्ही आधी विचारता की नाही. तीन प्रश्न पुरतात: कुणासाठी, कुठे घालायचा, आणि सध्या जे घालता त्यात काय खटकतं? मग एक किंवा दोनच कपडे समोर ठेवायचे. तुमच्यासारख्या कमी बोलणाऱ्या माणसाला हे खरं तर सोपं जातं.

बिल नसलेला संतापलेला ग्राहक, एकाच वेळी आलेले दोन ग्राहक, चुकीची बिलं करणारा सहकारी, असे प्रसंगही देतात. पहिल्याचं उत्तर: ऐकून घेईन, कपडा तपासेन, नियम सांगेन, आणि माझ्या अधिकारात नसेल ते वरिष्ठांकडे नेईन. "ग्राहक नेहमीच बरोबर असतो" हे वाक्य नका टाकू. परताव्याचा अधिकार नव्या माणसाला नसतो हे त्यांना ठाऊक असतं.

उभाधागा

मुलाखतीचं काजबटण यांनी सांगितलंच आहे. नोकरी लागल्यावर तुम्हाला तारेल तो कपडा आणि माप. बोलणं त्यानंतर.

आधी लेबल वाचायला शिका. सुती कपडा आधी आटवून घेतलेला नसेल तर पहिल्या एक-दोन धुण्यांत ३ ते ५ टक्के आटू शकतो. ७० सेंटीमीटर उंचीच्या टी-शर्टात ५ टक्के म्हणजे साडेतीन सेंटीमीटर. जेमतेम कमरेपर्यंत येणारा टी-शर्ट तुम्ही "परफेक्ट बसलाय" म्हणून दिलात, तर पंधरा दिवसांत तो परत येणार. व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेलं, रेयॉनच्या जातीचं कापड) मऊ लागतं, सुंदर झुळझुळतं, पण ओलं असताना त्याची ताकद बरीच कमी होते. ते पिळायचं नाही हे विकतानाच सांगा. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून लवकर वाळतं आणि त्याच कारणाने घामात चिकचिकतं. लिननला चुण्या पडणारच, तो त्याचा दोष नाही. ग्राहकाला चुण्या चालत नसतील तर लिनन दाखवूच नका.

टी-शर्टाची जाडी जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. १४० च्या आसपासचा पातळ, १८० ते २०० चा भरीव. पांढरा टी-शर्ट घेणाऱ्याला हा आकडा सांगा, कारण पातळ पांढऱ्यातून आतलं दिसतं. डेनिमचं वजन औंसात असतं, एका चौरस यार्डामागे. १२ औंस म्हणजे साधारण ४०० जीएसएम. १ ते ३ टक्के इलास्टेन (ताणला जाणारा धागा) असलेली जीन्स घालून घालून थोडी सैल पडते, म्हणून ती घेताना कमरेला घट्टच हवी. उलट पूर्ण सुती आणि न आटवलेली जीन्स घेताना थोडी जागा लागते. एकाच रॅकवर या दोन्ही असतात, आणि नवा माणूस दोन्हींना एकच सल्ला देतो.

धुण्याच्या खुणा पाच: टब म्हणजे धुणं, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन म्हणजे वाळवणं, इस्त्री म्हणजे इस्त्रीच, आणि वर्तुळ म्हणजे ड्रायक्लीनिंगसारखी व्यावसायिक धुलाई. फुली असेल तर ते करायचं नाही. इस्त्रीतले ठिपके उष्णता सांगतात: एक ठिपका साधारण ११० अंश सेल्सिअसपर्यंत, दोन साधारण १५०, तीन साधारण २००. टबाखालची आडवी रेघ म्हणजे हलकं धुणं. दहा मिनिटांत पाठ होतं.

आता माप. छाती काखेखालून, सगळ्यात भरलेल्या जागी. टेप पाठीवर खाली घसरलेली नाही ना ते आरशात बघा. कमर जिथे कपडा बसतो तिथे. सीट म्हणजे नितंबांचा सगळ्यात भरलेला भाग, कमरेपासून साधारण २० सेंटीमीटर खाली. कॉलर मोजताना टेपखाली दोन बोटं ठेवा. माप घेण्याआधी विचारा, आणि ग्राहकाला नको असेल तर त्याच्या अंगावरच्या, त्याला नीट बसणाऱ्या कपड्याच्या साईजवरून अंदाज घ्या. लेबलवरच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नका. एका कंपनीची ३२ कमर टेपने मोजली तर ३४ भरते. आपल्या दुकानातले जास्त खपणारे पाच-सहा कट पहिल्याच आठवड्यात टेप लावून मोजा आणि वहीत लिहून ठेवा. ही वही पुढे फार कामाला येते.

कपडा बसलाय की नाही हे सुरकुत्या सांगतात. शर्टाच्या बटणापासून फुलीसारख्या ताणरेषा निघाल्या तर छाती किंवा पोट घट्ट. खांद्याची शिवण हाडाच्या खाली उतरली तर साईज मोठी. पँटला पुढे आसनापाशी आडव्या रेषा आल्या तर सीट घट्ट, मागे खाली झोळ आला तर सैल. जॅकेटची कॉलर मानेपासून सुटत असेल तर ते जॅकेट त्या अंगाचं नाहीच, दुसरा कट द्या.

आणि अल्टरेशनचं वचन जपून द्या. लांबी कमी करणं सोपं. कंबर आत घेणं ४-५ सेंटीमीटरपर्यंत ठीक, त्यापुढे मागचे खिसे एकमेकांजवळ सरकतात आणि पँट विचित्र दिसते. सैल करायचं असेल तर आत किती माया (शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड) आहे ते उलटून बघितल्याशिवाय "होईल" म्हणू नका. जॅकेटचा खांदा बदलणं म्हणजे बाही काढून पुन्हा लावणं. त्यापेक्षा खांद्यात बसणारं जॅकेट निवडून बाकीचं दुरुस्त करणं स्वस्त पडतं.

टाचदुखी

बुटांचं कुणीच सांगितलं नाही. आठ तास कडक फरशीवर उभं राहायचं आहे. नवेकोरे बूट पहिल्या दिवशी घालू नका. दोन जोड ठेवा आणि आलटून पालटून वापरा. बूट दिवसाच्या शेवटी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि खरं माप कळतं. पूर्ण सपाट तळही नको, उंच टाचही नको.

पाठराखण

उभाधागा यांचं माप-कापडाचं सगळं मान्य, पण "बोलणं त्यानंतर" याला माझा अर्धा विरोध. पहिलं वाक्य चुकलं तर टेप काढायची वेळच येत नाही. "काही मदत हवी का?" याला "नको, नुसतं बघतेय" हे तयार उत्तर असतं, आणि एकदा ते दिलं की ग्राहकही त्यात अडकतो. दारात फक्त नमस्कार करा आणि बाजूला व्हा; आत आल्याआल्या माणूस अजून जागेचा अंदाज घेत असतो. तो एखाद्या रॅकपाशी थांबला, कपड्याला हात लावला, लेबल उलटलं, की जा. तेव्हाही प्रश्न नको, उपयोगाची माहिती द्या: "याच्या मोठ्या साईज खालच्या कप्प्यात आहेत" किंवा "हाच कट जाड कापडात पलीकडे आहे." एवढं बोलून घड्या घालत जवळपास राहा.

खरी विक्री ट्रायल रूमच्या दारात ठरते. किती कपडे आत गेले ते मोजून टोकन द्या, तेवढेच बाहेर आले का बघा. ग्राहक आत गेला की न सांगता शेजारची साईज आणून ठेवा. कपडे काढून, पुन्हा घालून, बाहेर येऊन दुसरी साईज शोधायचा कंटाळा आला की माणूस तसाच निघून जातो. "कसं दिसतंय?" विचारलं तर खोटं बोलू नका. "खांद्याला ओढतंय, हा कट बघा" असं म्हणालात की पुढच्या कपड्याबद्दल तुमचा शब्द मानला जातो. नाकारलेले कपडे लगेच बटणं लावून, सुलटे करून जागेवर. शनिवारी दोन तास हे राहिलं तर हवी ती साईज दुकानात असून सापडत नाही.

तेराअंकी

काउंटर आणि पैशांचं मी सांगतो.

नवीन माणसाची सगळ्यात महाग चूक बिलावर दिसतच नाही. ग्राहकाने एकाच किमतीचे तीन टी-शर्ट आणले, दोन मीडियम आणि एक लार्ज. नवा माणूस एक मीडियम स्कॅन करतो आणि संख्या ३ टाकतो. रक्कम बरोबर, गल्ला बरोबर. पण प्रत्येक रंग-साईजचा बारकोड वेगळा असतो, त्यामुळे मीडियमचा स्टॉक एकाने कमी आणि लार्जचा एकाने जास्त दाखवला जातो. मग कुणीतरी नसलेला लार्ज गोडाऊनमध्ये शोधत बसतो. प्रत्येक नग वेगळा स्कॅन करा. बारकोड वाचला गेला नाही तर १३ आकडे हाताने टाकावे लागतात. शेवटचा आकडा पडताळणीचा असतो, त्यामुळे एक आकडा चुकला तर मशीन नाकारतं. पण शेजारचे दोन आकडे उलटे पडले आणि त्यांच्यात ५ चा फरक असेल, म्हणजे २७ चं ७२ झालं, तर ती चूक निसटते. म्हणून पडद्यावर आलेलं वर्णन हातातल्या कपड्याशी ताडून बघा.

रोख घेताना ग्राहकाची नोट लगेच गल्ल्यात टाकू नका. सुटे हातात देईपर्यंत ती वर दिसेल अशी ठेवा. "मी मोठी नोट दिली होती" हा वाद तिथेच मिटतो. शिफ्टच्या सुरुवातीला गल्ला स्वतः मोजून सही करा. आधीच्या माणसाने सांगितलेला आकडा गृहीत धरू नका.

टार्गेट तीन आकड्यांवर चालतं. दिवसात १८० माणसं आली आणि ४५ बिलं झाली, तर कन्व्हर्जन २५ टक्के. त्या ४५ बिलांत ८१ नग गेले, तर बिलामागे १.८ नग. तिसरा आकडा म्हणजे एकूण विक्री भागिले बिलं. दर पाचव्या बिलात एक नग वाढला तरी १.८ चे २ होतात. दर गिऱ्हाइकाच्या मागे लागायची गरज नाही ती यामुळेच. पँट घेणाऱ्याला जुळणारा बेल्ट एकदा दाखवला तरी पुरतं.

पगारात "इन्सेंटिव्ह मिळेल" यावर थांबू नका. टार्गेट वैयक्तिक की सगळ्या टीमचं? ९५ टक्के गाठलं तर काहीच नाही की त्या प्रमाणात? माल परत आला तर इन्सेंटिव्ह कापतात का, आणि किती दिवसांनंतरचा परतावा धरत नाहीत? स्टॉक कमी भरला तर पगारातून कापतात का? गणवेश मिळतो की दुकानाचेच कपडे स्वतः विकत घ्यावे लागतात? बंद झाल्यानंतर आवराआवरीचा वेळ कामाच्या तासांत धरतात का? हे सगळं लेखी मागा. परताव्याच्या आणि स्टॉकच्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर मी तरी तिथे जाणार नाही.

नवशिकी

मुलाखतीआधी एक वही आणि टेप घेऊन ठेवते. एकच शंका. सिक्युरिटी टॅग लावणं-काढणं नव्या माणसाकडे देतात का? त्यात काय बिघडतं?

उभाधागा

लावणं बहुतेक पहिल्याच दिवशी देतात. पिन नेहमी शिवणीतून घाला, कापडातून नाही. विणलेल्या टी-शर्टात मधोमध पिन गेली तर एक फास तुटतो आणि धुतल्यावर तिथे भोक मोठं होतं. सगळ्या शर्टांना टॅग एकाच जागी लावा, म्हणजे काउंटरवर शोधावा लागत नाही. काढताना टॅग चुंबकाच्या खाचेत नीट बसवून पिन सरळ वर उचला. हिसका दिलात तर शाईचा टॅग फुटतो आणि कपडा गेला. घडी घालण्याआधी हात फिरवून खात्री करा, दोन टॅग असलेले कपडेही निघतात.

पाठराखण

आणि दारात अलार्म वाजला तर ग्राहकाला आधी "माफ करा, आमच्याकडून टॅग राहिला असेल" म्हणा. बहुतेक वेळा तसंच असतं. पिशवीला स्वतः हात न लावता त्यांनाच काउंटरवर यायला सांगा आणि बिलावरच्या यादीशी एकेक नग जुळवा.